ठिपकीचा रिकामा फुगा

६ जानेवारी

प्रिय आत्या,

‘फुगा भरायला विसरलीस.’

बाबांचं हे वाक्य मला त्यांच्या आवाजासकट आठवतं. मी पाच वर्षांची होते आणि त्यांच्या कामाच्या टेबलाखाली बसले होते. आई जाऊन आठवडा झाला असेल. मला तुमचे दोघांचे फक्त पाय दिसत होते. तुझ्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि तू तो पिनेने जोडला होतास. बाबा रागावलेले नव्हते. तू नुसतं ‘हो’ म्हणालीस आणि पाय मागे घेतलेस.

तू म्हणशील, सदतीस वर्षांपूर्वीचं हे आज काय उकरून काढलंस? कारण आहे. बाबांच्या पेपरातल्या चित्रपट्टीचं टीव्हीवर कार्टून होतंय हे तुला माहीत आहे. त्याचे संवाद लिहायचं काम मी मागून घेतलं, हे मात्र तुला सांगितलं नव्हतं. बाबांनी दोन वर्षांपूर्वी कागदांवर सह्या केल्या तेव्हा त्यांना त्यातलं किती कळत होतं, देव जाणे. सह्या झाल्यात. मग निदान घरातलं कुणीतरी आत असावं, असं मला वाटलं.

आत आल्यावर कळलं की पट्टीतली ठिपकी बोलणार आहे. वाहिनीवाल्यांनी ठरवून टाकलंय. एकतीस वर्षं रोज पेपरात आलेली पट्टी, त्यातली पहिली दोन वर्षं सोडली तर जिच्या बोलण्याच्या फुग्यात एक अक्षर नाही अशी मुलगी, आणि ती आता अकरा मिनिटांच्या भागात तडातडा बोलणार! मी भांडले. आमचे निर्माते म्हणाले, “मॅडम, पेपरात ठीक आहे. टीव्हीवर लोकांना वाटेल आवाज गेला. उठून सेटला थापट्या मारतील.” सगळे हसले. मीही हसले, आणि हसल्याबरोबर हरले.

तर आता तिचं पहिलं वाक्य मला लिहायचंय. महिनाभर मी काहीबाही लिहून फाडतेय. मग सुचलं, की त्या पहिल्या रिकाम्या फुग्यात बाबांनी पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं असणारच. घरात तेवढं झालेलं, त्या गोंधळात तुझ्याकडून त्यावर नेहमीची शाई फिरवायची राहिली असेल, पण पेन्सिलीचं वाक्य तू वाचलं असशीलच. ते काय होतं? ते मिळालं तर निदान तिचं पहिलं बोलणं बाबांचं असेल, माझं नाही.

फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू ‘काय? काय?’ करतेस आणि प्रश्न अवघड असला की जास्तच बहिरी होतेस.

तुझी,
बुटकी (आता पाच फूट पाच इंच)

* * *

१५ जानेवारी

प्रिय बुटके,

अनेक आशीर्वाद. पत्र मिळालं. मला खरंच ऐकू येत नाही. तुला ते सोंग वाटत असेल तर माझा कान घेऊन जा आणि वापरून बघ.

दादाची तब्येत आहे तशीच आहे. खातो, झोपतो, दाढी करून घेतो. दुपारी चार वाजले की खुर्चीतून पुढे वाकून विचारतो, “पट्टी गेली का?” मी म्हणते, “गेली.” प्रेसचा माणूस चारला यायचा ना, ते त्याच्या अंगात मुरलंय. पाच मिनिटांनी परत विचारतो, मी परत म्हणते, गेली. हल्ली दिवसातून सहा पट्ट्या जातात. एवढं काम त्याने उमेदीतही केलं नव्हतं.

पेपराच्या कडेला अजून काहीबाही काढतो. परवा एक खुर्ची काढली होती, चांगली चारी पाय जमिनीला टेकलेली. माणसं काढत नाही.

तू विचारलंस ते मी आठवून पाहिलं. किती वर्षं झाली, रोजची तीन चौकटींची पट्टी, त्यातली एक कुठली लक्षात राहणार? मी अक्षरं काढणारी बाई. दादा पेन्सिलीने लिहायचा, मी त्यावर शाई फिरवायचे. आधी सगळी अक्षरं सुटी काढायची आणि मग शेवटी एका दमात वर रेघ मारायची. रेघ मारली की ते वाक्य डोक्यातून गेलंच. तसं नसतं तर इतकी वाक्यं घेऊन मी वेडी झाले असते.

बहुतेक ‘दूध नको’ असावं. त्या दिवसांत तू दुधाला फार छळायचीस, कप बघितला की पलंगाखाली. आणि दादा घरातलंच उचलायचा. हो, ‘दूध नको’च असणार.

पण माझं ऐकशील तर तिला बोलायला लावू नका. एवढी वर्षं लोक तिच्या फुग्यात आपापलं काहीतरी वाचत आलेत. आठवतंय ना, कशी पत्रं यायची? ‘आज आमच्या मते ठिपकी असं म्हणाली.’ एक निवृत्त मास्तर तर दर आठवड्याला सहा वाक्यं लिहून पाठवायचे, आणि दादा ती फाइलला लावायचा. त्या सगळ्यांच्या तोंडावर दार लावल्यासारखं होईल.

निब मी आठ वर्षांत हातात धरलेली नाही. दादाने पट्टी थांबवली त्या दिवशी मीही शाईची बाटली धुऊन पालथी घातली. हे पत्र बॉलपेनने लिहितेय, तेही वाकडं येतंय. सांभाळून घे.

तुझी,
आत्या

* * *

२ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुला मिठी मारावीशी वाटतेय. ‘दूध नको’ने सगळं सोपं करून टाकलं!

मी ते मीटिंगमध्ये वाचलं मात्र, निर्माते खुर्चीतून उठले. म्हणाले, “हेच! प्रत्येक घरात रोज सकाळी हेच चालतं.” पहिल्या भागात आई कप घेऊन मागे, ठिपकी पुढे, आणि धावता धावता पहिल्यांदाच तिचा आवाज येतो, ‘दूध नको!’ आता ते प्रत्येक भागात येणार आहे. दप्तरांवर छापायचंही चाललंय.

तोंडाचा मोठा घोळ झाला. बाबांनी ठिपकीला तोंड म्हणून एक ठिपका दिलेला, बास. इथे बोलणाऱ्या पात्राला अकरा तोंडं लागतात. ‘आ’चं वेगळं, ‘ऊ’चं वेगळं, ‘म’ला मिटलेलं. चित्रं हलवणारा आमचा एक मिशीवाला आहे, तो चार दिवस कागद घेऊन माझ्यामागे. “बाई, ठिपका फाडू किती? जास्त फाडला तर बेडूक होतोय.” शेवटी त्याने आरसा समोर ठेवून स्वतः ‘दूध नको, दूध नको’ म्हणत तोंडं काढली. म्हणजे मिशी काढून टाकली तर ठिपकीचं तोंड त्याचंच आहे.

आवाज एका बाईंचा आहे, माझ्याच वयाच्या. भाजीची पिशवी कोपऱ्यात ठेवतात, चष्मा काढतात, डोळे मिटतात आणि पाच वर्षांच्या होतात. काचेपलीकडे बसून मी पहिल्यांदा ऐकलं. बाईंना म्हटलं, अजून एकदा घेऊया. गरज नव्हती. मला परत ऐकायचं होतं.

आत्या, आज तुला एक सांगते. आई गेल्यावर मी नऊ महिने बोलले नाही, ते तू पाहिलंस. पण शाळेत मला ‘रिकामा फुगा’ म्हणायचे, ते मी घरी कधी सांगितलं नाही. मला कायम वाटत आलं की बाबांनी माझं न बोलणं उचललं आणि ठिपकीला दिलं. मी घरात गप्प बसायचे, आणि दुसऱ्या दिवशी सगळा गाव चहा पिताना माझ्या गप्प बसण्याला हसायचा. बाबांशी मी कधी नीट बोललेच नाही, त्याचं एक कारण हे आहे. मोठी झाले, शिकले, दुसऱ्या शहरात आले, तरी ते आत होतंच. आणि आता तर ते ज्याला विचारायचं, तो माणूसच राहिला नाही.

तुझ्या पत्राने ते गेलं. तो फुगा रिकामा राहिला कारण तू विसरलीस, आणि त्यात होतं काय, तर ‘दूध नको’! एवढंसं! त्याच्यावर मी सदतीस वर्षं रुसून बसले होते. परवा घरी येऊन एकटीच हसत सुटले.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी पहिला भाग आहे. बाबांना समोर बसव.

तुझी,
बुटकी

* * *

९ फेब्रुवारी

प्रिय बुटके,

‘दूध नको’ काढून टाक. तसं नव्हतं. मी सहज ठोकून दिलं होतं, तू ते खरं धरशील असं वाटलं नाही.

दुसरं काहीही घाल. किंवा काही घालू नकोस. पण ते दादाचं म्हणून घालू नकोस.

आत्या

* * *

१७ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझी तीन ओळींची चिठ्ठी मी तीनदा वाचली. ‘तसं नव्हतं’ म्हणजे कसं होतं, ते तू लिहिलेलं नाहीस.

आता ते काढता येणार नाही. प्रयत्न केला. नऊ भागांचे आवाज घेऊन झालेत, चार भागांची चित्रं हलतायत. मी निर्मात्यांकडे गेले आणि म्हटलं की हे वाक्य मूळ चित्रकाराचं नाही, माझी चूक झाली. ते म्हणाले, “मॅडम, कुणाचं का असेना, चाललंय ना!” मग चांगल्या मनाने म्हणाले, “तुमचे वडील बघून खूश होतील हो.” त्यांच्याशी भांडायलाही जागा नसते. ते वाईट वागतच नाहीत.

मिशीवाल्याला विचारलं, पहिल्या भागात तेवढ्या एका जागी तिचं तोंड बंद ठेवता येईल का? त्याने मान हलवली. तिथून पुढची सगळी पळापळ त्या वाक्याच्या ठेक्यावर बसवलीय म्हणे. ते काढलं तर ठिपकी उगाचच धावतेय असं दिसेल.

म्हणजे तू खोटं लिहिलंस, आणि मी ते अकरा तोंडांनी बोलायला लावलं. का लिहिलंस? लहानपणी मला इंजेक्शनला नेताना ‘बागेत जाऊया’ म्हणायचीस, तसं? मी बेचाळीस वर्षांची आहे ग.

त्या फुग्यात काय होतं?

बुटकी

* * *

२३ मार्च

आत्या,

महिना उलटला. तुझं पत्र नाही. शेजारच्या काकूंना फोन केला, त्या म्हणाल्या, दोघंही बरी आहेत, गॅलरीत बसलेली दिसतात. म्हणजे तू लिहीत नाहीयेस एवढंच.

५ एप्रिल, रविवार, सकाळी साडेनऊ. सेटचा आवाज तुला ऐकू येईल एवढा मोठा ठेव.

बुटकी

* * *

७ एप्रिल

प्रिय बुटके,

अनेक आशीर्वाद.

परवा पाहिलं. आधी तेच लिहिते, कारण बाकीचं लिहायला मला धीर लागेल.

दादाला आंघोळ घालून, इस्त्रीचा शर्ट घालून नऊलाच बसवलं. काकूही आल्या होत्या. गाणं सुरू झालं, रंग फार भडक वाटले, पण घर ओळखीचं होतं. दादाने काढलेलीच खिडकी, त्यानेच काढलेला तिरका दिवा. तो पुढे सरकून बसला. आई कप घेऊन आली. ठिपकी धावली आणि ओरडली. मला शब्द ऐकू आले नाहीत, पण काकू हसल्या त्यावरून कळलं.

दादा हसला नाही. तो पडद्यावर काहीतरी शोधत होता. ठिपकीच्या डोक्यावर, बाजूला, सगळीकडे. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “हिचा फुगा कुठंय?”

मी म्हटलं, “दादा, टीव्हीत फुगे नसतात. ती तोंडाने बोलते.”

तो उठला. मला वाटलं, बाथरूमला जायचं असेल. तो सेटपाशी गेला आणि बोटाने काचेवर ठिपकीच्या डोक्याशी गोल काढायला लागला. तुला माहीत आहे, कसा काढायचा ते, खालून सुरू करून, एका दमात, शेवटी छोटीशी शेपटी. पण ती पोर एका जागी थांबेना. त्याचा गोल अर्धा होईपर्यंत ती पलंगाखाली गेलेली असायची, आणि गोल आईच्या डोक्यावर नाही तर भिंतीवर पडायचा. तो परत तिच्यामागे. असं कितीतरी वेळा केलं. काकूंचं हसणं थांबलं. मी त्याला धरून आणायला पाहिजे होतं, पण माझ्याने उठवलं नाही. शेवटी जाहिरात लागली. जाहिरातीतल्या बाईच्या डोक्यावर हात ठेवून तो तसाच उभा राहिला.

आता ते दुसरं.

तुझी आई दवाखान्यात होती एकोणीस दिवस. दादा तिथल्या बाकावर बसून पट्टी काढायचा. पट्टीतली आई काढायला त्याचा हात धजेना, म्हणून त्याने तिला पट्टीत बहिणीकडे पाठवलं होतं. ठिपकी आणि तिचे बाबा दोघंच घरी, भाजी करपवतायत, सदऱ्याची बटणं चुकीची लावतायत. लोकांना फार आवडत होतं ते.

त्या दिवशी सकाळी तो आंघोळीपुरता घरी आला, कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाला, “आज ठिपकी विचारते, तेवढं नीट लिही.” आणि परत गेला. मी दोन वाजता बसले. दोन चौकटी झाल्या. तिसरीत ठिपकी दाराशी उभी, बाबांकडे पाठ करून. फुग्यात त्याने लिहिलं होतं, ‘आई घरी कधी येणार?’

मी निब बुडवली आणि खालच्या मजल्यावरची बाई वर आली. फोन त्यांच्याकडे होता. दवाखान्यातून निरोप आला होता.

चारला प्रेसचा माणूस येणार. दादा तिकडे. दुसरा कागद नाही. मी त्या प्रश्नावर शाई फिरवू शकले नाही, बुटके. दुसरं काहीही लिहिता आलं असतं, आज वाटतं. ‘भूक लागली’ लिहिता आलं असतं. ‘दूध नको’सुद्धा. पण दादाच्या अक्षरांच्या जागी मी कधीच माझं काही लिहिलं नव्हतं. मी ते खोडलं आणि फुगा तसाच ठेवून कागद देऊन टाकला. मी विसरले नव्हते. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही.

आणि हेही सांगितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तू नेहमीसारखी पेपर घेऊन माझ्या मांडीत येऊन बसलीस. तू बोट ठेवायचीस, मी वाचायचे. दोन चौकटी वाचल्या. तिसऱ्या फुग्यावर बोट ठेवून तू विचारलंस, “ही काय म्हणतेय?”

मी म्हटलं, “काही नाही म्हणत.”

तू खूप वेळ बघत राहिलीस. मग उतरलीस, पेपराची घडी केलीस, आणि बोलली नाहीस.

डॉक्टर म्हणाले, आईचा धक्का. सगळे तेच म्हणाले. पण तुला तोवर आईचं कुणी सांगितलंच नव्हतं. दादाने तुला जवळ घेऊन सांगितलं ते त्या संध्याकाळी. तू सकाळीच बंद झाली होतीस. हे एकट्या मला माहीत होतं. नऊ महिने मी तुला रोज भरवत होते आणि रोज वाटायचं, आज सांगून टाकावं. कुणाला आणि काय सांगायचं, ते कळायचं नाही.

त्यानंतर दादा ठिपकीचा फुगा काढायचा आणि आत काही लिहायचाच नाही. मी विचारलं नाही. तुझं गप्प बसणं त्याने पट्टीत घेतलं, असं तुला वाटत आलं. मला उलटंच वाटत आलंय, की पट्टीतलं गप्प बसणं मी तुला दिलं.

तो कागद माझ्याकडे आहे. प्रेसमधून आठवड्याचं बंडल परत आलं तेव्हा मी तेवढा काढून ठेवला होता. सोबत पाठवतेय. मधे जाड पुठ्ठा घातलाय, जपून उघड. दादा दाबून लिहायचा. मी खोडलं तरी खाच राहिलीय. तिरक्या उजेडात धरलास तर दिसेल.

तू काय लिहिशील याची वाट बघत नाही. लिहिलं नाहीस तरी चालेल.

आत्या

* * *

१९ एप्रिल

प्रिय आत्या,

कागद नीट पोचला. एक कोपरा दुमडलाय, पण तो जुनाच असावा.

ऑफिसात माझ्या टेबलाशी पश्चिमेची खिडकी आहे. साडेपाचला ऊन आडवं येतं. तेव्हा धरला. ‘आई’ लगेच दिसलं. ‘येणार’ला वेळ लागला. प्रश्नचिन्हाच्या टिंबाशी तर बाबांनी कागदाला जवळजवळ भोक पाडलंय.

मिशीवाला मागे येऊन उभा राहिला. म्हणाला, “बाई, कोरा फुगा काय वाचताय?” मी त्याला दाखवलं. त्याने वाचलं आणि तो त्याच्या जागेवर गेला. थोड्या वेळाने माझ्यासाठी चहा आणून ठेवला.

तू विचारलेलं नाहीस, पण सांगते. मला ती सकाळ आठवते. सगळी नाही. पेपराचा वास, आणि माझ्या मांडीला लागणारा तुझ्या किल्ल्यांचा जुडगा. तू म्हणालीस, ‘काही नाही म्हणत.’ रोज काहीतरी विचारणारी ठिपकी आज काहीच विचारत नाही, म्हणजे तिला आईचं कळलंय, असं मला वाटलं. मग मीही विचारलं नाही. विचारलं नाही तर कुणी सांगणार नाही, एवढंच डोक्यात होतं. तू मला बंद केलंस की नाही, हे मला ठरवता येत नाही ग. तुला बरं वाटावं म्हणून काही लिहिलं तर ते ‘दूध नको’ होईल.

पण एक गोष्ट तुझ्या लक्षात आलेली नाही. मी दिवसभर वाक्यं ऐकण्याचं काम करते, म्हणून असेल. तू लिहिलंस की तू विसरली नव्हतीस हे कुणाला माहीत नाही. तो कागद प्रेसमधून परत आला तेव्हा बंडल आधी कुणी सोडलं? बाबांनीच ना? ते टेबल त्यांचं, दिवा त्यांचा तिरका. तू रबर एवढं घासलंयस की तिथे कागदाची लव निघालीय. अजून बोटाला लागते. विसरलेल्या फुग्यात पेन्सिल तशीच राहिली असती, आत्या. बाबांना ते दिसलं नसेल? त्यांना सगळं कळलं होतं. मग ते आले, तुझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, ‘फुगा भरायला विसरलीस.’ तुला ‘हो’ म्हणता यावं म्हणून. आणि टेबलाखाली मी तुझ्या चपलेची पिन बघत बसले होते. त्यानंतर त्यांनी एकोणतीस वर्षं आत काही लिहिलं नाही, ते माझ्यावरून घेतलं असेल की तुझ्यासाठी, कोण जाणे. त्यांना विचारलं तर म्हणतील, पट्टी गेली का.

इथलं सांगण्यासारखं काही नाही. आणखी सव्वीस भाग मंजूर झाले. ‘दूध नको’ची दप्तरं आलीत, निळी आणि पिवळी. मी एका भागापुरतं विचारून पाहिलं, की आई बाहेरगावी गेलीय आणि ठिपकी काही बोलत नाही. निर्मात्यांनी नीट ऐकून घेतलं, आणि म्हणाले, “मुलं रडतील मॅडम.” बरोबर आहे त्यांचं. मी पुढच्या तीन भागांचे संवाद लिहून दिले. ठिपकी आता पोपटासारखी बोलते. लोकांना आवडतंय. बाबांना परत समोर बसवू नकोस.

मला तिथे काही करता येत नाही, इथेही नाही. एकच मागते.

कागद परत पाठवतेय, तुझ्याच पुठ्ठ्यात. बाटली पालथी आहे ना, ती सुलटी कर. शाई मी सोबत घातलीय. दुकानदार म्हणाला, आता ही कुणी घेत नाही. बाबांच्या खाचेवरून निब फिरव. चारच शब्द आहेत. छापायला नको, कुणाला दाखवायला नको. चार वाजता त्यांनी पट्टी गेली का विचारलं, की त्यांच्या हातात दे आणि म्हण, अजून नाही, ही बघ. ते वाचतील, न वाचतील. मला फक्त ते तुझ्या अक्षरात हवंय. तेवढा एकच प्रश्न आपल्या घरात कुणी पूर्ण विचारू दिलेला नाही.

तू नाही म्हणणार हे मला माहीत आहे. हात कापतो म्हणशील. दादाच्या जिवाला घोर कशाला, म्हणशील. उत्तर येईल ते तब्येतीचं असेल आणि कागदाचा त्यात उल्लेख नसेल. तरी लिही आत्या. आणि नुसती सुटी अक्षरं काढून ठेवू नकोस. वर रेघ मार.

तुझी,
बुटकी